खबर नथी

कुणी काही विचारलं की सिराजसर आधी चष्मा काढत. तिरप्या उन्हात रुमालाने काचा पुसण्याची ती संथ, निःशब्द क्रिया पूर्ण होईपर्यंत उत्तर मिळत नसे, आणि मिळे तेही बहुधा अर्धंच.

गुजरातेतल्या नवागामच्या आमच्या शाळेत खाली सरांचे उर्दू वर्ग, वर आमचे मराठी; शिक्षकांची खोली एकच. धुळ्याहून मी तिथे रुजू झाले त्याच महिन्यात माझा धाकटा भाऊ नितीन भेस्तानच्या कारखान्यातून निघाला तो खोलीवर परतलाच नाही. सर त्याचे शेजारी. बाकीचे छातीठोक सांगत होते, दिवाळीला येईल बघा. मी सरांना विचारलं, येईल ना तो? काचा पुसून झाल्यावर ते म्हणाले, "बेन, खबर नथी."

माझ्या मराठी कानांनी ऐकलं, अजून बातमी नाही. म्हणजे हा सज्जन माणूस शोध घेतोय! मग मी रोज विचारत राहिले, आणि आईला फोनवर कळवत राहिले की खबर यायचीय.

एकदा वर्गात एका मुलीला सात नव्वे किती, विचारलं. ती म्हणाली, "टीचर, खबर नथी." तेव्हा मला उलगडलं. गुजरातीत त्याचा अर्थ एवढाच, की ठाऊक नाही.

मी तणतणत खाली गेले. सरही गोंधळले, ही बाई रोज तेच का विचारते, हे कोडं त्यांनाही सुटलं नव्हतं. मग त्यांनी मदिनेतल्या एका प्राचीन न्यायशास्त्र्याविषयी सांगितलं. एक प्रश्न घेऊन महिनोन्महिने चालत आलेल्या माणसाला त्याने 'मला माहीत नाही' म्हटलं. गावाला काय सांगू, असं तो रडकुंडीला येऊन म्हणाला, तेव्हा शास्त्री म्हणाला, हेच सांग. सरांच्या मते ज्ञानाची अर्धी वाट त्या शब्दांतूनच जाते. मला ते ज्ञान वाटावं की निर्दयपणा, हे तेव्हा उमगलं नाही. आजही धड उमगत नाही.

सर गेल्या वर्षी वारले. परवा आईने फोनवर पुन्हा विचारलं, "तो येई ना वं?" अर्थ कळल्यानंतरही तिला सांगत आलेलं 'खबर यायचीय' हे नेहमीचं वाक्य ओठांवर आलं आणि अडलं. मी म्हणाले, "आई, मला माहीत नाही."

मग ती म्हणाली, "माले बी माहीत नही, माय."

आम्ही दोघी पोटभर रडलो. ज्याची वाट पाहायची असते त्याची आठवण काढता येत नाही. नितीनची आठवण आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा काढली.