तेरवीचा फोटो

श्यामलालनं गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती वाहता वाहता प्राण सोडला. तेरवीला हार घालायला घरात त्याचा धड फोटो निघेना. आधार कार्डावर नुसता काळा डाग. पोरगा टेकचंद भडकला. त्यानं मिलचं कॅलेंडर भिंतीवरून ओरबाडलं. मिलवाल्यांनी दुसरं दिलंच काय होतं! त्यावर दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायती शहराचं चित्र होतं: घोडागाड्या, छत्रीवाल्या बाया आणि कोपऱ्यात पोत्याखाली वाकलेला हमाल. टेकचंदनं तेवढा हमाल कापून पाटावर ठेवला.

"अबे, याचं तोंड कुठं दिसून राहिलं?" काका खेकसला.

"मी मिलमंधी डबा घेऊन जात होती, तवा असेच तर दिसत होते," श्यामलालची बायको रुख्मा म्हणाली. हार घालायला गळा सापडेना, म्हणून तिनं तो पोत्यावर चढवला.