चौतिसावी जागा

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर विंडवर्ड गावच्या किनाऱ्याला, जिथे गलबतं बांधतात त्या छपराखाली सध्या माझा मुक्काम असतो. कोणी माझ्यावर खिळे ठेवतं, कोणी मासळी कापतं. एक शेळी रोज सकाळी येऊन माझ्या कोपऱ्याला अंग घासून जाते. पण मित्रांनो, एके काळी माणसं मान वर करून माझ्याकडे बघत. मी सांगेन तेवढ्यांनीच गलबतावर चढायचं, असा रिवाज होता.

माझा जन्म इथलाच. झेफरिन सुताराने ‘पेशन्स’ नावाचं दोन डोलकाठ्यांचं गलबत बांधलं, त्याच्या फळीतून उरलेला तुकडा म्हणजे मी. ‘पेशन्स’ पाण्यात गेलं त्या दिवशी नाळेवर, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकावर, रम शिंपडली, मेंढा कापला, ढोल वाजले आणि अख्ख्या गावाने दोर ओढला. मी मात्र भुशात पडून होते. आज ना उद्या आपण चुलीत जाणार, असंच मी धरून चालले होते.

मला वाचवलं ते कायद्याने. त्याआधीच्या नाताळात एक गलबत गर्दीच्या भाराने कलंडलं होतं. त्यात गेलेल्यांमध्ये आमच्या कॅप्टन एनॉसचा थोरला भाऊ होता. मग सरकारने फर्मान काढलं. गलबताचा डेक मोजायचा, त्यावर किती माणसं बसतील ते ठरवायचं आणि तो आकडा पाटीवर रंगवून सगळ्यांना दिसेल असा लावायचा. इतर कॅप्टन कुरकुरले. एनॉस मात्र लगेच कामाला लागला. भुशातून मला उचललं, रंधा मारला आणि मोठ्या डोलकाठीला माझ्यासाठी दोन हूक ठोकले.

‘पेशन्स’ ग्रेनाडाच्या कॅरियाकूहून त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला ये-जा करायचं, आणि गंमत अशी, की समुद्र एक असला तरी सरकारं दोन होती. ग्रेनाडाच्या कायद्याने आमच्या गलबतावर चाळीस माणसं, पण दोन पोरं मिळून एक माणूस धरायचं. त्रिनिदादच्या कायद्याने चौतीसच, पण मांडीवरचं मूल मोजायचं नाही. म्हणून मला दोन्ही बाजूंनी रंगवलं. अर्धी वाट संपली की कॅप्टन मला उलटी करायचा, आणि दर खेपेला कोणीतरी टोमणा मारायचंच.

“काय कॅप्टन, त्रिनिदादला आम्ही लठ्ठ असतो आणि ग्रेनाडा आलं की बारीक होतो वाटतं?”

“तुला वाटेत उलट्या होतात, म्हणून होतोस बारीक,” एनॉस म्हणायचा.

माझ्या अंगावर आकड्याखाली अक्षरंही होती. मला ती कळत नव्हती. कॅप्टनलाही नव्हती. दोघांचं काम आकड्यावर भागत होतं.

आता मला तुम्हाला एका खेपेची गोष्ट सांगायची आहे. नंतर मी पुष्कळ पाणी पाहिलं, पण ती खेप मनातून गेली नाही.

कॅरियाकूत माणूस गेला की लगेच त्याच्या थडग्यावर दगड उभा करत नाहीत. घरचे राबतात, साठवतात, आणि काही वर्षांनी दगड बसवून सगळ्या गावाला जेवू घालतात. तोवर गेलेल्याला स्वस्थता नसते, असं मानतात. त्या दिवशी रक्ताचं माणूस गैरहजर राहिलं तर दगड बसूनही तो अस्वस्थच राहतो.

एझिल्डा मावशीचा नवरा सिलव्हान तरणाताठा गेला. मावशी पोर्ट ऑफ स्पेनला जाऊन लोकांचे कपडे धुऊ लागली. कैक वर्षांनी तिथेच दगड तयार झाला. तो गोणपाटात गुंडाळून ‘पेशन्स’च्या पोटात ठेवला, आणि पाव्हणेमंडळी डेकवर चढली.

अशा खेपेला आमच्याकडे एक रीत होती. गेलेल्यासाठी एक जागा राखायची. माझ्याच पायाशी चटई अंथरून तिच्यावर ताट ठेवायचं. भात, तुरीचे दाणे, मक्याच्या पिठाचा गोळा, सगळं अळणी, कारण मेलेल्यांना मीठ चालत नाही. त्या चटईवर कोणी बसायचं नाही. आणि कॅप्टन एनॉस ती जागा माणसांच्या आकड्यात धरायचा. तेहतीस जिवंत आणि चौतिसावा सिलव्हान. जागा भरली.

बंदरावरचे गिटन्स साहेब मोजून खाली उतरले, दोर सुटणार, तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली.

“थांब रे एनॉस! दोर सोडलास तर बघ!”

फिलोमेन मावशी धापा टाकत येत होती. डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी. ती सिलव्हानची थोरली बहीण. दोघी नणंद-भावजया पोर्ट ऑफ स्पेनच्या एकाच गल्लीत राहायच्या, एकाच नळावर पाणी भरायच्या, पण एकमेकींकडे पाठ करून. सिलव्हानला मूठमाती दिल्यावर एझिल्डा दुसऱ्याच आठवड्यात बेट सोडून गेली, ते फिलोमेनला खपलं नव्हतं. तिने चारचौघांत तोंड सोडलं होतं. एझिल्डाने तिला या दगडाचं बोलावणंच धाडलं नाही. तिला ते त्या सकाळी बाजारात, मासळीवालीकडून कळलं.

“जागा भरली, मावशी,” कॅप्टन म्हणाला.

“भरली कशी?” खालून गिटन्स साहेब म्हणाले. “मी तेहतीस मोजले. एक जागा आहे की.”

“ती सिलव्हानची आहे, साहेब.”

“अहो, मेलेला माणूस आमच्या मोजणीत येत नाही.”

“तुमच्या नाही येत. आमच्या येतो.” कॅप्टनने माझ्यावर हात ठेवला. “पाटीवर चौतीस आहे. पस्तिसावा मी घेत नाही. माझा भाऊ अशाच जास्तीच्या माणसांच्या गर्दीत गेला.”

फिलोमेन मावशीने गाठोडं खाली आपटलं.

“एझिल्डे! ऐकतेयस ना? माझ्या भावाचा दगड, आणि मी धक्क्यावर उभी राहू होय?”

“इतकी वर्षं पाठ करून उभी होतीस, आजही राहा,” एझिल्डा मावशी म्हणाली.

“तू तरी कुठे तोंड दाखवलंस? मला बोलावणं नाही, आणि मासळीवालीला आहे!”

कोणीतरी हसलं. ‘पेशन्स’ पुढे पंधरा दिवस येणार नव्हतं. जेवण दुसऱ्याच दिवशी होतं. बेटावर बोकड बांधलेले होते, ढोल तापवायला काढले होते. फिलोमेन मावशी खाली बसली. कोंबडी सुटून धक्क्यावर फिरायला लागली, तरी तिने ती धरली नाही.

“माझ्यासाठी नको नेऊस,” ती हळू म्हणाली. “माझ्यावर राग आहे तर असू दे. पण मी नसले तर तो निजायचा नाही. तुला ठाऊक आहे.”

एझिल्डा मावशी त्या चटईपाशी आली. मग वाकली आणि सिलव्हानचं ताट दोन्ही हातांनी उचललं.

“चढ वर,” ती म्हणाली.

“चटईवर बसू? त्याच्या जागेवर?”

“बस. आणि हे ताट मांडीवर घे. तुझी आई शेतात जायची तेव्हा तुझ्याच मांडीवर वाढला म्हणून सांगायचा. आजचा दिवस परत घे त्याला.” मग तिने कठड्यावरून खाली वाकून विचारलं, “मांडीवरचं मोजत नाहीत ना हो, साहेब?”

गिटन्स साहेबांनी टोपी काढली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे.

“नाही,” ते म्हणाले. “मांडीवरचं मोजत नाहीत.”

कॅप्टनने दोर सोडला. कोंबडी साहेबांनी पकडून वर दिली.

त्या खेपेला वाटेत मोठं पाणी लागलं, पण फिलोमेन मावशीने ताट कलंडू दिलं नाही. रात्रभर एका हाताने ताट आणि दुसऱ्या हाताने माझा खालचा काठ धरून ती बसली होती. पहाटे थंडी वाढली तशी एझिल्डा मावशी शेजारी सरकली आणि तिने आपल्या शालीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. फिलोमेन मावशीच्या बोटांचा ओलसर दाब मला अजून आठवतो.

पुढे यंत्राची जहाजं आली. कायदे बदलले, पाट्या पत्र्याच्या झाल्या. ‘पेशन्स’ किनाऱ्यावर ओढलं गेलं आणि हळूहळू लोकांच्या चुलीत गेलं. कॅप्टनने फक्त मला घरी नेलं. म्हातारपणी त्याच्या नातीने माझ्यावरचं एकेक अक्षर कोळशाने गिरवून त्याला वाचायला शिकवलं. तेव्हा मीही शिकले. इतकी वर्षं मी काय सांगत होते ते मला तेव्हा कळलं: ‘याहून अधिक माणसे घेऊ नयेत.’ कॅप्टन ते बोट ठेवून वाचायचा, थांबायचा आणि पुढे स्वतःच्या मनाने पुरवणी जोडायचा, “मांडीवरची सोडून.”

मित्रांनो, कॅप्टन गेल्यावर मी या छपराखाली आले, आणि आता माझा रंग उडत चालला आहे. चाळीसचा आकडा पुरता पुसला, चौतीसचा अजून दिसतो. छपराखाली आलात तर माझ्यावर मासळी कापू नका, एवढं ऐका. जमलं तर एखादा हात रंग द्या. आणि कधी होडीत बसायला गेलात आणि पाटीवरचा आकडा भरला असं कोणी म्हणालं, तर त्याच्याशी भांडू नका, तो बुडालेल्यांची आठवण ठेवून बोलतो आहे. पण धक्क्यावर कोणी उरलं असेल, तर आपण थोडं सरकून मांडी मोकळी करता येते का, तेवढं बघा.