पाठीवर पडलेले ऊन

मित्रांनो, मिटलेले असताना मी जुन्या सुटकेससारखे दिसते. उघडलेत की दोन काळ्या काचा आणि मागे टेकायला पाय. मी घडीचे सौर पॅनेल आहे. कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आयुष्य गेले ते ऑस्ट्रेलियातल्या क्लेमआजोबांच्या व्हॅनमध्ये.

व्हॅनला दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिन चालू करण्यापुरती. दुसरी घर चालवणारी. दिवे, फ्रीज आणि लोर्नाआजींचे श्वासाचे यंत्र तिच्यावर चाले. गाडी उभी असली की तिचे पोट मी भरायचे. आजोबा व्हॅन झाडाखाली लावत आणि मला लांब वायरीने उन्हात मांडत. सकाळी पूर्वेकडे, दुपारी उत्तरेकडे, मग पश्चिमेकडे वळवत.

"ही माझी धाकटी बायको," काच पुसताना ते म्हणत.

"मग चहाही तिच्याकडूनच घ्या," आजी आतून म्हणत.

एका वर्षी वाळवंटातले खारे सरोवर पाण्याने भरले. आजींचे बालपण त्याच्या काठी मेंढ्यांमागे गेले होते, पण त्यात पाणी त्यांनी कधी पाहिले नव्हते. छाती पार थकलेली. डॉक्टरांनी या एका फेरीला कसाबसा होकार दिला. आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून जावई ईवन गाडी चालवायला आला. तो स्कॉटलंडचा, लग्न होऊन नुकताच इकडे आलेला.

सरोवराच्या अलीकडे चिखलाने रस्ता बंद होता. वाळेपर्यंत थांबायचे ठरले.

"पॅनेल मांडलंस का रे?" आजोबांनी पडल्या पडल्या विचारले.

"मांडलं, बाबा. होकायंत्र लावून!"

"शहाणा आहेस."

त्याच्या देशात दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. त्याने माझे तोंड नेमके दक्षिणेला केले होते. ऊन माझ्या पाठीवर पडत होते. मी काय करणार? मला वळता येत नाही, ओरडता येत नाही. तो रोज प्रेमाने माझी काच पुसे आणि म्हणे, "ढगांमुळे बॅटरी उतरतेय." तिसऱ्या दिवशी दुपारी आजींचे यंत्र वीज संपत आल्याचा इशारा देत टिकटिकू लागले.

आजोबा कुबडी टेकत बाहेर आले. "अहो जावईबापू, तुम्ही याला स्कॉटलंडचा सूर्य दाखवताय! इथं तो उत्तरेला असतो."

ईवनचा चेहरा पडला. "मी होकायंत्र बघितलं, बाबा. वर बघितलंच नाही."

त्याने मला वळवले. मिळेल तेवढे ऊन मी प्यायले, पण दिवस कलला होता आणि बॅटरी तळाला गेली होती. इंजिन नुसते चालू ठेवून बॅटरी भरावी, तर डिझेल गावी परतण्यापुरतेच होते.

"चला मागे," आजीच म्हणाल्या. "आणि तू रडतोस काय, ईवन? चिखल आणखी वाढेल!"

मला मिटून पिशवीत घातले. आजींनी खिडकीची काच खाली केली. पाणकोळ्यांचा थवा सरोवराकडे निघाला होता. तो दिसेनासा झाला तरी त्यांनी काच वर केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात सरोवर आटले. आजींची फेरी पुन्हा झाली नाही.

आता मी शेडमध्ये भिंतीशी उभे आहे. मित्रांनो, आमची काच पुसता, बरे वाटते. पण मांडून झाल्यावर दोन पावले मागे सरा, वर बघा, मग आमच्याकडे बघा. आम्हाला एवढेच हवे असते, आणि एवढेच मागता येत नाही.