सात पाट्या

आमच्या गल्लीतल्या सगळ्या दारांवरची नावं माझ्या हातची. समोरचा घड्याळवाला चेष्टा करायचा, "रंगारी, तुझं अक्षर बघून पोस्टमनसुद्धा घर चुकतो." त्याचा देव वेगळा, माझा वेगळा. तीस वर्षांत आम्ही देवांवरून कधी भांडलो नाही. भांडलो ते बुद्धिबळावरून.

त्या दिवशी सकाळी देवाचं नाव घेत जमाव बाजारात शिरला. पाट्या वाचून दारं फोडली. नावावरून देव ओळखायचा आणि देवावरून माणूस मारायचा, असला तो हिशेब. मी घड्याळवाल्याला म्हटलं, "नीघ." तो म्हणाला, "आई अंथरुणाला खिळलीय. तिला टाकून जाऊ?"

तेव्हा माझं डोकं चाललं. आग लागो त्या डोक्याला.

"नावच नसेल तर वाचणार काय, कपाळ?" मी बायकोला म्हणालो. टर्पेंटाइन, चिंध्या आणि पॉलिश पेपर घेऊन निघालो. गल्लीत घड्याळवाल्याच्या धर्माची सात घरं. दुपारभर राबून साती पाट्या कोऱ्या केल्या. अर्धवट काम मला जमत नाही. अक्षराचा मागसुद्धा ठेवला नाही. घड्याळवाल्याचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "रडतोस काय? सगळं निवळलं की पुन्हा रंगवून देतो. पोस्टमनला वाचता येईल असं."

उन्हं कलताना ते आले. मी दार लावून खिडकीच्या फटीतून बघत होतो. पुढच्याच्या तोंडी माझ्याच देवाचं नाव होतं. तो एकेक दार बघत सावकाश चालला. माझ्या पाटीपाशी थांबला, नाव वाचलं, आदराने हात जोडले. मग समोर बघून हसला.

"अरे, सोप्पं झालं," तो मागच्यांना म्हणाला. "पुसलेली तेवढी त्यांची."

सगळ्याच पाट्या पुसायला हव्या होत्या. माझीही. पण स्वतःची पाटी पुसायचं सुचतं कुणाला? मला नाही सुचलं. पहिलं दार घड्याळवाल्याचं फुटलं. मी कडीला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. भ्यालो, दुसरं काही नाही.

गल्ली शांत झाल्यावर बायकोने आतून विचारलं, "अहो, वाचले का?"

"वाचलं," मी म्हणालो. "त्यांनी सगळं बरोबर वाचलं."