बाजाराच्या दिवशी दुपारी दोन वाजता

मी टीव्ही बोलून राह्यलो. आजकाल भिंतीले चिकटवतात तो पापडासारखा नाही. मी जुना, पाठीवर कुबड असलेला, दोन माणसांनी मिळून उचलावा लागते तो. शाळा मी शिकलो नाही. कानात पडलं तेवढं शिकलो. म्हणून बोलणं कुठं वाकडं लागलं तर गुमान ऐकून घ्या, मले सुधरवू नका.

जन्म कारखान्यातला. तिथलं काही सांगण्यासारखं नाही. कपाशी बरी झाली त्या साली बापूजीनं मले महागावच्या दुकानातून घेतलं अन् काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून फुलसावंगीले आणलं. माझ्या बाजूले कोणाची तरी बकरी बांधली होती. तिनं रस्ताभर माझा खोका खाल्ला. घरी उतरवलं तेव्हा अर्धा उघडाच होतो.

बापूजीच्या बायकोनं, कोकिळानं, मले कुंकू लावलं, वरून विणलेला रुमाल टाकला. समोरच्या खोलीत लाकडी टेबलावर माझी जागा झाली. हिवाळ्यात त्याच खोलीत कापसाची गंजी पडे. कापूस वाढत वाढत माझ्या नाकापर्यंत येई. लोक कापसावर लोळून मले पाहात अन् अंग खाजवत. भाव वाढला का कापूस जाई, मी पुन्हा मोकळा. असे माझे हिवाळे गेले.

माणसाची एक खोड सांगतो. टीव्ही घराचा म्हणतात, पण रिमोट एकाच्याच खिशात राहते. ह्या घरात तो बापूजीच्या बंडीच्या खिशात. तो बातम्या पाहे, कापसाचे भाव पाहे अन् मलेच शिव्या देई, जसा भाव मीच पाडला. बाकीच्यांनी पाहायचं ते तो घरात नसताना.

तो घरात नसे तो दिवस म्हणजे बाजाराचा. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी वावरातल्या मजुरांले सुट्टी राहते. बापूजी दुपारी जेवला का थैली घेऊन निघे, तो बाजारात, हॉटेलात, पारावर, दिवेलागणीलेच परत. त्या दिवशी रिमोट टेबलावर. अन् दुपारी दोन वाजता लागे घरवाला प्रोग्राम. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, ते इथं कोणी घेत नसे. आखूड केसांची एक बाई अन् हातोडा घेतलेला एक माणूस कोणाच्याही घरात घुसत, भिंती पाडत, रंग देत, अन् घरवाले शेवटी रडत.

एका बाजाराच्या दिवशी कांताबाई आठवड्याची मजुरी न्याले आली. ती अन् तिचा नवरा बाबाराव बापूजीच्या वावरात कामाले होते. घर नाल्यापलीकडं, भीमनगरात. मजुरी पदरात बांधली अन् तिची नजर माझ्यावर पडली. पडद्यावर एका बाईचं स्वयंपाकघर तोडणं चालू होतं.

"बाप्पा! चांगलं घर काहून तोडून राह्यले वो?"

"नवं करून देतात. पाय तर खरं," कोकिळा म्हणाली.

कांताबाई उंबरठ्यावर टेकली. पुढच्या बाजाराले पुन्हा आली, पुन्हा उंबरठ्यावर. तिसऱ्या खेपेले कोकिळा म्हणाली, "दारात बसते अन् सारा उजेड अडवते. आत ये ना व." ती आत आली. आधी भिंतीशी, मग सतरंजीच्या काठाले, मग सतरंजीवर. एवढं अंतर कापाले तिले अख्खा उन्हाळा लागला. मी पाहून राह्यलो होतो. मले पाहण्याशिवाय काम काय?

मग काय त्यांच्या गप्पा! आखूड केसांची बाई म्हणे, स्वयंपाकघर उघडं ठेवा, मधात भिंत नको.

"मिरचीची फोडनी देल्ली का पाव्हना शिंकत शिंकत पळन," कांताबाई म्हणे.

"पळला तर बरंच. एक भाकर वाचली."

"अन् या घरात कापूस कुठं ठेवतीन वो?"

"तिच्या डोक्यावर!"

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. मी एवढी वर्षं विनोदाचे प्रोग्राम दाखवले, त्याच्यावर असं कोणी हसलं नाही.

त्याच वर्षी कांताबाईचं घरकुल मंजूर झालं. तेव्हापासून प्रोग्राम म्हणजे तिच्यासाठी अभ्यास झाला. ढोरांच्या सरकीतून मूठभर दाणे घेऊन दोघी माझ्यासमोर फरशीवर घर मांडत. सरकीच्या भिंती, मधात जागा सोडली का दार.

"बाबासाहेबाचा फोटो इथं, समोरच्या भिंतीवर. आल्या आल्या दिसला पाह्यजे," कांताबाई सांगे. "अन् ओटा उभ्यानं सैपाक कराचा. जलमभर बसून गुडघे गेले."

"ओट्याच्या वर खिडकी ठेव," कोकिळा सांगे. "माह्या सैपाकघराले खिडकी नाही. सासऱ्यानं ठेवू देल्ली नाही, मी नवी नवरी, बोलली नाही. तू ठेव बापा. उगवतीले ठेव."

असं ते सरकीचं घर दर बाजाराले मांडलं जाई अन् बापूजी परत याच्या आत झाडून घेतलं जाई. कोकिळाले आपलं घर बांधता आलं नव्हतं. ती कांताबाईचं बांधून राह्यली होती.

अन् मग प्रोग्रामाची वेळ ठरवणाऱ्यांचं डोकं फिरलं. एका दुपारी माझ्याच पडद्याखालून पट्टी सरकली, पुढच्या आठवड्यापासून हा कार्यक्रम संध्याकाळी सात वाजता. पट्टी माझ्या अंगावरून गेली म्हणून दोष माझा नाही. मी फक्त टीव्ही. तिकडं शहरात कोण्या खोलीत बसून कोणीतरी दोनचे सात केले. सातले जास्त लोक पाहतात म्हणे. पाहत असतीन.

शेजारी राहणारी कोकिळाची जाऊ, भागीरथा, तिले तर आनंदच झाला. "बरं झालं बाई. दुपारी कोन रिकामं राह्यते? सात वाजता सारे मिळून पाह्यता येते."

"सारे मिळून," कोकिळा म्हणाली.

सुनेले, निकिताले, तिनं मोबाइल घ्याले लावला. पट्टीवर मत कळवाचा नंबर येत होता.

"लिही, दुपारीच ठेवा म्हना."

"कारण काय लिहू, आई?"

कोकिळानं माझ्याकडं अन् सतरंजीकडं पाह्यलं. मग म्हणाली, "लिही... दुपारी बरं दिसते."

"दुपारी बरं दिसते?" निकिता हसली. "अवो आई, चित्र तर तेच राह्यते ना."

"तुले सांगतलं तेवढं लिही."

उत्तर आलं, आपल्या मताबद्दल धन्यवाद. बस.

पुढच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता कांताबाई आली. पातळ बदलून, केस विंचरून. खोलीत दिवाणावर बापूजी होता अन् त्याच्याजवळ गावातला किसनराव, सोयाबीनच्या गोष्टी चालल्या होत्या. दोघंही दाराकडं पाहू लागले.

"काय वो कांताबाई? काय काम काढलं?" बापूजीनं विचारलं.

"टीव्ही पाहाले आली ते," कोकिळा आतून घाईनं म्हणाली.

"हो का? पाय ना मंग." बापूजीनं मान हलवली. "तिथून दिसते ना?"

तिथून म्हणजे दारातून. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, शिवी नव्हती. मी बापूजीले पुरा ओळखतो, तो शिव्या देते तेव्हा छप्पर हलते. तो आपला सहजच बोलला. सहज बोलला हेच मले बोचलं. किसनराव खाली पाहून तंबाखू मळत बसला. बस, असं कोणी म्हणालं नाही. कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी. सतरंजी मोकळी पडली होती. कांताबाईनं जाहिरात लागेपर्यंत उभ्यानं पाह्यलं अन् "येतो बाई" म्हणून निघून गेली.

आता कोकिळानं काय केलं ते ऐका. ती वाईट बाई नाही. वाईट असती तर मले एवढं लागलं नसतं.

आठवडाभर ती विचारात. बाजाराच्या दिवशी दुपारी तिनं मुलाले, अंकुरले, बोलावलं अन् माझं टेबल खिडकीजवळ सरकवलं. माझं तोंड अंगणाकडं केलं. अंगण झाडलं, सडा टाकला. पाव्हन्यासाठी ठेवलेली नवी खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली अन् खिडकीच्या बाहेर, माझ्या बरोबर समोर ठेवली. बाजूले पाण्याचा तांब्या. बापूजी आला, म्हणाला, "काय वो, गावाले सिनेमा दाखवता का?" ती हसली. तिले वाटलं, तोड निघाली. बापूजी आत दिवाणावर, कांताबाई बाहेर खुर्चीवर, अन् आपण खिडकीत. कोणालेच काही बोलाचं काम नाही.

मले बोलता आलं असतं तर तेव्हाच ओरडलो असतो. पण माझ्या तोंडून दुसऱ्याचंच बोलणं निघते.

सात वाजता कांताबाई फाटकातून आत आली. खुर्ची पाह्यली. खिडकी पाह्यली. खिडकीत हसत उभी कोकिळा पाह्यली.

"बस ना कांताबाई. तुह्याचसाठी ठेवली. नवी हाय."

कांताबाई बसली नाही. हळूच बोलली, मले ऐकू आलं तेवढंच. "दुपारी मी आत बसत होतो, बाई. मंग आता आंगनात काहून?"

"अवं, आत हे बसले हायत ना..."

"ते आत हायत, म्हनून मी बाहेर."

"तसं नाही व माय. मी तं तुले नीट दिसावं म्हून..."

"दिसलं," कांताबाई म्हणाली. "चांगलं दिसलं." खुर्चीच्या पाठीवरून तिनं एकदा हात फिरवला. "लय मेहनत केली तुमी. पाहा तुमी प्रोग्राम."

ती गेली. कोकिळा प्रोग्राम संपेपर्यंत खिडकीत उभी होती, पण माझ्याकडं तिची पाठ होती.

कांताबाई अन् बाबाराव दुसऱ्याच्या वावरात जाऊ लागले. तिचं घर बांधून झालं, असं इकडून तिकडून कानावर आलं. कोकिळानं घरवाला प्रोग्राम पाहणं सोडलं. निकिता लावे, भागीरथा येऊन बसे, कोकिळा तेवढ्या वेळात तूर निवडे.

मग माझाही बिघाड सुरू झाला. एका कोपऱ्यात हिरवा डाग पडला, तो पसरत गेला. पडद्यावरची माणसं बुरशी आल्यासारखी दिसत. अंकुरनं चपटा टीव्ही आणला. मले उचलून गल्लीकडच्या कोठीत टाकलं, फवारणीचे पंप अन् रिकाम्या बारदान्याच्या मधात. विणलेला रुमाल नव्यावर बसेना, म्हणून तो माझ्याबरोबरच आला. कोठीले एक लहान खिडकी आहे. गल्लीतलं येणंजाणं तेवढं दिसते.

औंदा वेळ ठरवणाऱ्यांचं डोकं पुन्हा फिरलं. प्रोग्राम परत दुपारी दोनवर आणला. जसं मधात काही झालंच नाही. निकितानं कोठीच्या दारात येऊन सांगतलं तसं कोकिळाच्या हातातलं सूप खाली राह्यलं. सोयाबीन काढणीच्या वेळी बाबाराव गल्लीतून चालला होता, त्याले तिनं कोठीच्या दारात थांबवलं.

"बाबाराव, कांताबाईले सांगजा. प्रोग्राम दुपारीच लागते आता. ये म्हना. आतच बसू म्हना."

दुसऱ्या सकाळी बाबाराव निरोप घेऊन आला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"ती म्हने, घरी टीव्ही हाय आता. तुमीच या म्हने. ओटा पाहाले या. खिडकी तुमी सांगतली तिथंच ठेवली, उगवतीले. सकायचं ऊन येते म्हने ओट्यावर." टोपी डोक्यावर ठेवत तो म्हणाला, "अन् चहा घ्या लागन म्हने."

कोकिळाचा चेहरा मी पाह्यला. एवढी वर्षं माणसांचे चेहरे दाखवण्याचाच माझा धंदा होता, तसा चेहरा मले एकदाही दाखवता आला नाही. "येतो म्हना," ती म्हणाली. "या बाजाराले नक्की येतो."

बाजाराच्या दिवशी बापूजी थैली घेऊन गेला. कोकिळानं ठेवणीतलं पातळ नेसलं. गल्लीत उतरली. खिडकीतून मी पाहून राह्यलो होतो. नाल्याकडच्या वळणावर भागीरथा उभी.

"कुठं व? एवढी तयार होऊन?"

कोकिळा थांबली. नाला तिथून दिसते. नाल्यापलीकडचं कांताबाईचं निळं घरही दिसते म्हणतात.

"किरान्यात," ती म्हणाली. "साखर सरली."

किराण्याचं दुकान दुसऱ्या बाजूले. ती तिकडं वळली. थोड्या वेळानं साखरेची पुडी घेऊन घरी आली, अन् स्वयंपाकघरात न जाता सरळ कोठीत आली. बारदान्यावर बसली. पुडी मांडीवर. बाजूच्या खोलीत नव्या टीव्हीवर प्रोग्राम चालू होता, निकिता आवाज देत होती, "आई, लागला ना वो!" ती उठली नाही.

तेव्हापासून दर बाजाराले ती दुपारी इथं येऊन बसते. माझ्या काचेवरची धूळ पदरानं पुसते. माझ्यात आता काही दिसत नाही, बाई. तुझंच तोंड दिसते.

अंकुरनं भंगारवाल्याले सांगून ठेवलं आहे. येत्या बाजाराले तो मले नेईन. कापूस घरात येईन, कोठी मोकळी पाह्यजे. मले त्याचं दुःख नाही. माझी काच फोडतीन, तार काढतीन, जाऊ दे. खूप पाह्यलं. पण जाताना मले कोकिळाले एक सांगाचं आहे, अन् सांगाले माझ्यात करंट नाही, म्हणून तुम्हाले सांगून राह्यलो. तुमच्यातलं कोणी त्या गल्लीतून गेलं तर तिले सांगा.

बाई, नाल्यापलीकडं ती वाट पाहून राह्यली. दर बाजाराले दोन वाजता गॅसवर भांडं ठेवत असन अन् मग उतरवत असन. प्रोग्राम आज दोनले आहे, उद्या पुन्हा सातले करतीन, परवा बंद करतीन. त्यांचा भरोसा नाही. तुमचं दोघींचं वयही काही मागं येऊन नाही राह्यलं. म्हणून जा. वळणावर भागीरथा उभी राहीनच, तिले दुसरं काम नाही. ती पुसन, कुठं चालली व? तर साखर सांगू नको. मीठ सांगू नको. सांग, कांताबाईच्या घरी चालली.