प्रल्हादने घरी घडवलेली आकडी

मी एक आकडी बोलतेय. पोलादाची, बोटाच्या पेराहूनही लहान. रायफलीतली गोळी सुटली की मागे उरलेली रिकामी पुंगळी टोकात पकडायची आणि बाहेर ओढायची, एवढंच माझं काम. ती बाहेर पडली की पुढचं काडतूस आपसूक तिच्या जागी येतं. सध्या मी डब्लिनच्या पश्चिमेला एका पोलीस ठाण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत पडून आहे. पिशवीवर नंबर आहे, नाव नाही. उद्या मला नष्ट करायला नेणार आहेत. तेव्हा जे सांगायचं ते आजच.

मी कारखान्यात जन्मले नाही. ओंगार या इथल्याच उपनगरातल्या एका घरामागच्या लाकडी शेडमध्ये, प्रल्हादच्या हातून जन्मले. प्रल्हाद मूळचा भोसरीचा. तिथल्या टूलरूममध्ये त्याने बारा वर्षं काढली होती. इथे जवळच्या लिक्सलिप गावात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात तो टेक्निशियन. पगार उत्तम, पण काम काय, तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट चढवायचा आणि पडद्यावरचे आकडे बघायचे. कशालाही हात लावायचा नाही. हात असून हातांना काम नाही, असं तो निशिगंधाला, म्हणजे बायकोला, सारखं म्हणायचा. म्हणून त्याने एक जुनं छोटं लेथ मशीन घेतलं आणि शेडमध्ये मांडलं.

कॉलेजात असताना एनसीसीत त्याचा नेम चांगला होता. त्या आठवणीने तो इथल्या एका नेमबाजी क्लबात जाऊ लागला. दोन वर्षं तिथे त्याला सगळे हसून 'हाय' म्हणायचे आणि पुढे जायचे. चहाच्या वेळी तो एकटाच कप धरून खिडकीशी उभा राहायचा.

मग एक दिवस फिंटन त्याच्याजवळ आला. फिंटन सत्तरीचा, निवृत्त ड्रायव्हर, बायको गेलेली. त्याच्या थोरल्या भावाची एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्याच्याकडे होती, परवान्याची. तिच्यातली आकडी झिजली होती आणि ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"तू असलं काम करायचास ना?" फिंटनने विचारलं. "एक बनवून दे की. भावाची आठवण आहे रे ती."

"पण चालतं का असं घरी बनवलेलं?"

"अरे, एवढासा तुकडा! इट्ल बी ग्रँड, काही होत नाही."

हे बोलणं मला प्रल्हादच्याच तोंडून कळलं. शेडमध्ये मला घासता घासता तो ते निशिगंधाला सांगत होता. ती दारात उभी होती, हाताची घडी घालून.

"ते बंदुकीचं काम आहे, प्रल्हाद. आपला सिटिझनशिपचा अर्ज आत गेलाय. आधी कुणाला तरी नीट विचार. निदान फिंटनकडून लिहून तरी घे."

"मित्राकडून लिहून घेऊ? काय वाटेल त्याला?"

"मित्र? तो कधी आपल्या घरी आलाय?"

 प्रल्हादने मला उजेडात धरलं आणि पुन्हा कानस फिरवली.

माझ्याआधी दोघी होऊन गेल्या. पहिली मऊ निघाली, वाकली. दुसरीला तडा गेला. तिसरी मी. चार शनिवार त्याने माझ्यावर घालवले. शाळेत जाणारी त्याची मुलगी शर्वाणी एकदा डोकावली, मला चिमटीत उचललं आणि म्हणाली, "बाबा, ऑल धिस फॉर दॅट टायनी थिंग?" पण प्रल्हादचा चेहरा बघून तिने मला हळूच परत ठेवलं. "इट्स लव्हली, बाबा," म्हणाली. त्या दिवशी तो जेवायलासुद्धा शीळ वाजवत गेला.

मी रायफलीत अशी बसले की जणू तिथलीच. पहिल्याच दिवशी क्लबात पन्नास गोळ्या झाल्या, एक पुंगळी अडकली नाही. फिंटनने प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "युअर मॅनने, ह्या आपल्या गड्याने, घरी बनवलीय! बघा, बघा!" मग चहाच्या वेळी प्रल्हाद खिडकीशी उभा राहिला नाही. त्याला लोकांनी मध्ये बसवलं. त्याच्या नावाचं 'प्राल' झालं. तेही त्याला गोड लागलं. माणसाला कुणी अर्ध्यामुर्ध्या नावाने हाक मारली तरी किती पुरतं, हे मी तेव्हा पाहिलं.

त्याने फिंटनला एकच गोष्ट बजावली होती. "दर वेळी साफ कर. आणि काही अडकलं तर जोर लावू नकोस. मला फोन कर."

फिंटन साफ करायचा नाही. रायफल घरी आली की लोखंडी कपाटात जायची, तशीच, काजळीसकट. महिन्याभरात माझ्या टोकाखाली मळाचा थर बसला. मग एका दुपारी क्लबात शेवटच्या गोळीची पुंगळी आतच अडकली आणि रायफल तशीच घरी आली. फिंटनने फोन केला नाही. खिशातला चाकू काढला, त्याचं पातं माझ्या आणि पुंगळीच्या मध्ये घातलं आणि पिळलं. पुंगळी निघाली. माझ्या टोकाचा कपचाही निघाला.

त्याने तो पाहिला. भिंगातून पाहिला. मग फुंकर मारून पातं पुसलं आणि रायफल कपाटात ठेवून दिली.

पुढच्या रविवारी क्लबात स्पर्धा होती. प्रल्हाद दोन जागा सोडून पलीकडे होता. सातव्या गोळीला माझी पकड सुटली. पुंगळी आत राहिली, मागून नवं काडतूस तिच्यावर आदळलं आणि नको तिथे फुटलं. फिंटनने डोळे जपायचा चष्मा लावला नव्हता. पितळेची एक कपची त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. सगळ्यात आधी धावला तो प्रल्हाद. फिंटनचं डोकं मांडीवर घेऊन, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचे ओघळ होते.

डोळा गेला.

मग पोलिसांनी, म्हणजे इथल्या गार्डांनी, रायफल नेली आणि मला तिच्यातून काढून पिशवीत घातलं. आठ-दहा दिवसांनी त्या पिशवीसकट मला एका टेबलावर ठेवलं. टेबलाच्या एका बाजूला ओर्ला नावाची तरुण गार्डा, दुसऱ्या बाजूला प्रल्हाद.

"फिंटनचं म्हणणं आहे," ओर्ला कागद बघून म्हणाली, "की रायफल तुम्हाला फक्त तपासायला दिली होती. हा भाग तुम्ही बनवलेला आहे हे त्याला माहीतच नव्हतं. दुकानातून आणलाय असं त्याला वाटलं."

प्रल्हाद टेबलावर पुढे झुकला. "असं म्हणाला तो?"

"क्लबातलेही तेच म्हणतात. कुणाला काही आठवत नाही."

पाठीवर थाप पडली तेव्हा बारा माणसं तिथे होती. मी मोजली होती.

ओर्ला मनाने वाईट नव्हती. तिने पेन खाली ठेवलं. "हे बघा, परवाना नसताना बंदुकीचा भाग बनवणं ही साधी गोष्ट नाही. तुम्ही हा ऑनलाइन वगैरे घेतला असेल, तर तसं सांगा."

एवढी वाट तिने मोकळी करून दिली होती. मी पिशवीतून त्याच्याकडे पाहत होते. घेतली म्हण रे, मी मनात म्हणत होते. एकदाच म्हण.

प्रल्हादने पिशवी जवळ ओढली, मला प्लास्टिकमधूनच उलटंसुलटं केलं आणि त्याचे डोळे एका जागी थांबले.

"ही मी बनवली," तो म्हणाला. "आणि चांगली बनवली. हे टोक आपोआप तुटलेलं नाही. इथे पात्याचा ओरखडा आहे. कुणीतरी उचकटलंय. तुमच्या तज्ज्ञाला दाखवा."

तज्ज्ञाने पाहिलं. अहवालात तेच आलं: काम नेटकं, तुटण्याचं कारण धारदार पात्याने उचकटणं. अपघाताचा ठपका प्रल्हादवरून निघाला. पण 'ही मी बनवली' हे वाक्य त्याच्या सहीनिशी कागदावर राहिलं. तेवढ्यापुरती त्याला लेखी ताकीद मिळाली. खरं बोलला म्हणून तो एका आरोपातून सुटला आणि त्याच खऱ्यामुळे दुसऱ्यात अडकला.

आज दुपारी तो परत आला. मला नष्ट करायला त्याची संमती हवी होती. बरोबर निशिगंधा होती. ओर्लाने सहज विचारलं, "बाकी सगळं ठीक?"

"सिटिझनशिप नाकारली," प्रल्हाद म्हणाला. "वर्तणुकीबद्दल समाधान झालं नाही, असं पत्र आलंय." आणि हसला. तसलं हसू मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"एकदा 'विकत घेतली' म्हणाला असतास तर?" निशिगंधा मराठीत म्हणाली. "माझा आणि शर्वाणीचा तरी विचार करायचास. त्या माणसाने साधा फोन केला का तुला?"

"नाही."

"तू दोनदा गेलास हॉस्पिटलात."

"त्याने तोंड फिरवलं." तो थोडं थांबला. "लेथ विकलंय मी. आता तो विषय नको."

ओर्लाला यातलं काही कळलं नाही. तिने फॉर्म पुढे सरकवला. प्रल्हादने सही केली. मला हातात घ्यायला त्याने मागितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ग्रँड," म्हणत ओर्लाने कागद फाइलला लावला. मग आठवल्यासारखं म्हणाली, "तुमचं काम फार छान होतं हं, अहवालात लिहिलं होतं. माझ्या डॅडचा एक जुना ट्रॅक्टर आहे, त्याचा एक भाग कुठेच मिळत नाही. असं काही बनवून देणारं कोणी माहितीय का तुम्हाला?"

निशिगंधाने प्रल्हादकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

"नाही," तो म्हणाला. "तसं कोणी माझ्या ओळखीत नाही."

दोघं गेली. दार बंद झालं. आता मला काही मागायचं नाही. उद्या तुमच्यासाठी कुणी असं चार शनिवार खर्चून काही घडवलं, तर निदान बनवणाऱ्याचं नाव कुणी विचारल्यावर ते नीट सांगा. येते मी.