आक्काचा उजवा हात

"आक्का, हात सैल सोड."

"सोडला ना रे बाबा. आता कितीक सोडू?"

लॅपटॉपवरची रेघ थरथरतच होती. कोपराखाली वीतभर उरलेल्या तिच्या हातावरच्या चिकटपट्ट्या मी काढल्या, कातडी स्पिरिटनं पुसली, नव्या लावल्या. घरातली वीज रेघेत मिसळू नये म्हणून पंखा बंद केला, फ्रिजची पिनही उपटली. रेघ काही बसेना. माझा पारा चढायला लागला. बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि नेमकं घरच्या माणसापाशी मशीन लाज काढत होतं.

माझं काम एवढंच. स्नायू आवळला की बारीकशी वीज उठते. ती कातडीवरून पकडायची आणि तिच्यावर खोट्या हाताची बोटं हलवायची. मात्र स्नायू सैल सोडल्यावर रेघ सपाट व्हावी लागते, नाहीतर बोटं मिटलेलीच राहतात. पुण्याच्या प्रयोगशाळेत बसून यावर मी एकवीस शोधनिबंध लिहिले. का लिहिले, ते आमच्या अख्ख्या धावडा गावाला ठाऊक आहे. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी कडबा कापायची पाळी माझी होती. आक्का म्हणाली, "तू अभ्यास कर, मी टाकते कुट्टी." कुट्टीच्या मशीननं पेंढीबरोबर तिचा हात ओढून घेतला. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ती आईजवळच राहिली. मला मात्र मार्क चांगले पडले, सांगायलाही लाज वाटते.

खोटा हात आज बॅगेत होता. दर वर्षी वाटायचं, अजून थोडा सुधारू आणि मग नेऊ. असा मी शहाणा.

"होऊन राह्यलं का रे बराबर?" ओसरीवरून आईनं विचारलं.

"मशीनमध्ये काहीतरी दोष आहे," मी म्हणालो.

 आक्का आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "मशीनचा दोष न्हाई, परमू. हातच सैल होत न्हाई. त्या दिवशी मशीननं धरला तव्हा मूठ आवळली ना मी, ती तशीच हाय. नखं तळव्यात रुतून राह्यलीत."

"अजून?"

"रोज."

"कोणाला सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगू? हातच न्हाई आन् तळवा दुखतो म्हणलं तर येडी म्हणले असते लोकं."

"मला सांगायचं."

"तू कव्हा इचारलं?"

गेलेला हात दुखतो, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं कसलं, शिकवलेलं होतं. प्रयोगशाळेतही अशी माणसं यायची, ज्यांची रेघ बसायची नाही. त्यांच्या नावापुढे 'खराब' असं लिहून, चहा पाजून मी त्यांना परत पाठवायचो. अकरा जण असतील. काय होतंय, हे एकालाही विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला स्वतःची शिसारी आली.

काहीतरी करायचं म्हणून मी खोटा हात काढून तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला.

"चांगला केलास. पण मला नको आता. भाकऱ्या थापते, कापूस येचते, डाव्यानं समदं होतं." तिनं खोटा हात बाजूला सारला. "ही मूठ तेवढी उघडून दे."

एकवीस निबंधांत त्याचं उत्तर नव्हतं. मी लॅपटॉप मिटला, तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तिचा हात संपत होता तिथून खाली, रिकाम्या जागेत माझा हात नेला.

"इथं?"

"खाली. अजून जरा. हां, तिथं."

"अंगठा आधी?"

"करंगळी. ती लई रुतलीय."

मी करंगळी धरली आणि हलक्या हातानं सोडवायला लागलो. मग तिच्याशेजारचं बोट, मग मधलं. आक्कानं डोळे मिटले होते.

"उघडली?"

"न्हाई."

"बरं," म्हणालो आणि पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.